आमची वाटचाल: काइटसर्फरचे फोटो, किनाऱ्यावरून

काइटसर्फर म्हणजे मोठ्या पतंगाच्या ओढीने, बोर्डवर उभा राहून पाण्यावरून जाणारा माणूस. त्याला स्वतःचा कुठला फोटो हवा असतो, यावर आम्हा भावाबहिणीचं कधीच पटलं नाही. भावाचं म्हणणं, चेहरा दिसला पाहिजे. दातओठ खाऊन बार, म्हणजे पतंगाच्या दोऱ्यांची दांडी, ओढणारा माणूस आणि बोर्डखालून उसळलेलं पाणी, बास. मी म्हणायचे, अरे पण पतंग कुठाय? पतंगच नसेल तर हा माणूस हवेत कशाला लोंबकळतोय, ते बघणाऱ्याला कळणार कसं? आमची ही एवढीशी फर्म याच भांडणावर चालते, असं म्हटलं तरी फारसं चुकणार नाही.

दोन्ही एका चौकटीत घ्यायला गेलं की गणित आडवं येतं. पतंगाच्या दोऱ्या साधारण २० ते २७ मीटर लांब असतात. म्हणजे पाणी, माणूस, दोऱ्या आणि वर पतंग असं सगळं हवं असेल तर चौकटीत ३० मीटर उंची मावायला हवी. फुल-फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या, कॅमेऱ्यावर १०० मिमीची लेन्स लावली, कॅमेरा उभा धरला, तर त्यासाठी सर्फर ८५ मीटरच्या आसपास लांब असावा लागतो. तिथेच ४०० मिमी लावली की जेमतेम साडेसात मीटर उंची दिसते. माणूस छान भरतो, पतंग गायब.

सुरुवातीला एकच कॅमेरा होता, तेव्हा हा वाद रोजचा. दुसरा कॅमेरा घेण्याइतके पैसे जमले आणि आम्ही कामं वाटून घेतली. माझ्याकडे ७०-२०० मिमीची लेन्स, त्याच्याकडे १५०-६०० ची. मला चौकटीत पतंग दिसतो, त्याला फक्त माणूस. आणि उडी येणार आहे हे आधी सांगतो तो पतंग. घड्याळाचे १२ डोक्यावर धरले, तर डावीकडे निघालेल्या सर्फरचा पतंग १०-११ च्या आसपास असतो. उडी मारायची असली की सर्फर पतंगाला १२ च्या पलीकडे मागे नेतो, बोर्डची कड पाण्यात रुतवून धरतो आणि दोऱ्या पुरत्या ताणल्या की सुटतो. पतंग मागे वळताना दिसला की मी "मागे!" एवढंच ओरडते. लांब लेन्समध्ये डोळा घालून बसलेला भाऊ त्या शब्दावर बटण दाबतो. मग १/२००० सेकंदाच्या शटरवर, सेकंदाला २० च्या वेगाने, माणूस पाणी सोडतो तिथून परत टेकेपर्यंत सगळं त्याच्या कार्डात आणि पतंगासकटची उडी माझ्या कार्डात.

गिऱ्हाइकाला जोडी दाखवली की दोन्ही घेतो. वाद मिटला नाही, पण दोघांनाही पोटापुरतं मिळू लागलं.

उभं कुठे राहायचं, हा याहून नाजूक विषय. काइटसर्फर टाचांवर भार टाकून वाऱ्याकडे पाठ करून रेलतो. छाती आणि तोंड वारा जिकडे चाललाय तिकडे. त्यामुळे वारा येतो त्या अंगाला उभं राहिलं तर सगळ्या फोटोंत पाठी, कमरेचा पट्टा (हार्नेस) आणि फवारा. चेहरे हवे असतील तर वारा जातो त्या बाजूला जायला हवं. आणि नेमकी तीच जागा धोक्याची. हातातून सुटलेला पतंग तिकडेच येतो, ताणलेली दोरी कातडी कापते, आणि डोळा व्ह्यूफाइंडरला लावलेल्या माणसाला यातलं काही दिसत नाही. आमचा नियम साधा आहे: पतंग उडवायच्या-उतरवायच्या जागेपासून भरपूर पुढे जायचं, आणि दोघांनी एकाच वेळी कॅमेऱ्यात पूर्ण डोकं घालून बसायचं नाही, एकाची नजर आजूबाजूला हवी. "मागे!" ओरडणारीच "वाक!" पण ओरडते. हेल्मेट न घालता कामाला येऊ पाहणारे मदतनीस आम्ही परत पाठवले आहेत.

ओळखी वाढल्या त्या मात्र फोटोंमुळे नाही. पाण्यातून परत येणारा सर्फर डोक्यावर हाताने थोपटतो. त्याचा अर्थ, मला उतरायचंय, कुणीतरी पतंग धरा. भाऊ कॅमेरा माझ्याकडे देतो आणि धावतो. पतंग वाळूपासून हातभर राहिला की पुढच्या फुगीर कडेला मधोमध धरायचं, दोऱ्यांच्या बाजूला पाऊल टाकायचं नाही, मग पतंग उलटा करून ती कड वाऱ्याकडे टेकवायची आणि कापडावर वाळू लोटायची, नाहीतर वारा त्याला पुन्हा उचलून नेतो. हे नीट जमणारा माणूस किनाऱ्यावर सगळ्यांनाच हवा असतो. ज्याने तुमचा पतंग धरला, त्याने काढलेला फोटो बघायला तुम्ही थांबताच. जाहिरातीवर आम्ही जे काही खर्च केलं, त्याला या धावपळीची सर आली नाही.

ती फुगीर कड म्हणजे या खेळाचा प्राण आहे. ब्रुनो आणि दोमिनिक लगेन्यू या फ्रेंच भावांनी फुगवायच्या पतंगाचं पेटंट १९८४ मध्येच घेतलं होतं, पण त्यांचा 'विपिका' विक्रीला आला १९९७ मध्ये, आणि त्यानंतर हा खेळ पसरला. हवा भरलेला पतंग पाण्यात पडला तरी बुडत नाही, पुन्हा उडवता येतो. शिकाऊ माणूस दिवसभर पडत-उठत राहू शकतो तो यामुळे. आणि आमचं खरं गिऱ्हाईक शिकाऊच.

कसलेल्यांकडे स्वतःचे ढीगभर फोटो असतात. त्यांना फक्त सगळ्यात उंच उडी हवी, तीही उंची मोजणाऱ्या सेन्सरच्या आकड्याशी जुळणारी. नवशिक्याला मात्र पहिल्यांदा बोर्डवर उभा राहिला तो क्षण हवा असतो, मग तोंडात पाणी गेलेलं का असेना. म्हणून आम्ही शिकवणाऱ्या संस्थांशी जोडून घेतलं. एका संस्थेने आमचं नाव कापून फोटो स्वतःचे म्हणून वापरले, तेव्हापासून लेखी करार केल्याशिवाय एकही मूळ फाइल हातातून सुटत नाही. लहान मुलांच्या बाबतीत आधी पालकांची परवानगी, मग कॅमेरा. कुणी फोटो पुसा म्हटलं तर त्याच्यासमोर पुसतो.

नवशिक्यांसाठी गुडघ्यावर बसून फोटो काढायचे, ही भावाची युक्ती. कॅमेऱ्याच्या उंचीपेक्षा जे वर असतं ते क्षितिजाच्या वर दिसतं. उभं राहून कॅमेरा दीड मीटरवर धरला तर मीटरभर उडालेला बोर्ड समुद्राच्या पार्श्वभूमीतच हरवतो. तोच कॅमेरा वाळूपासून फूटभर ठेवला तर बोर्ड आकाशात. ही फसवणूक नाही का, असं एकाने विचारलं होतं. उडी त्याचीच, गुडघे आमचे, यात फसवणूक कुठली?

धंद्याची कटकट कुठे असेल तर ती नंतरच्या कामात. शिकाऊ वर्गातले सगळे पतंग एका रंगाचे, वेटसूट काळे, हेल्मेटं सारखी. दोनशे मीटरवरून कोण कोण आहे ते ओळखायचं कसं? आता पाण्यात जाण्याआधी प्रत्येकाचा एक फोटो काढतो, हातात बोर्ड, दंडावर आमची नंबराची रंगीत पट्टी. रात्री निवडताना पट्टी दिसली की नाव लागतं. एका लांब उडीचेच ऐंशी फोटो असतात, त्यातून तीन ठेवायचे. तो निर्दयपणा भावाकडे नाही, म्हणून निवड माझ्याकडे.

खारं पाणी आणि वाळू यांच्याशी झगडा कायमचा. किनाऱ्यावर लेन्स बदलायची नाही, म्हणूनही दोन कॅमेरे परवडतात. काचेवर मीठ बसलं तर कोरड्या फडक्याने पुसायचं नाही, खडे ओरखडे पाडतात. आधी फुंकणीने वाळू उडवायची, मग गोड्या पाण्यात ओलसर केलेलं फडकं, मग कोरडं. फवाऱ्याचा पांढरेपणाही छळतो. उजळ पाण्याला फसून कॅमेरा माणसाला काळा करून टाकतो, आणि उजेड वाढवला की फेसाचा नुसता चुना होतो. आम्ही मॅन्युअलवर ठेवतो, फेसातले थेंब शाबूत राहतील इतपत, आणि चेहऱ्याची सावली नंतर उघडतो.

बाकी सगळं वाऱ्याच्या हातात. ऊन तापलं की जमीन पाण्यापेक्षा लवकर गरम होते आणि समुद्रावरून वारा सुटतो, म्हणून काम बहुधा दुपारनंतर. पाण्यावर पांढरे तुरे दिसू लागले की १२ नॉट्सच्या (ताशी २२ किमीच्या) आसपास वारा आहे असं धरतो आणि सामान उचलतो. लोक १२ चौरस मीटरचा पतंग उतरवून ९ चा फुगवायला लागले की अंदाज बघायची गरजच नाही. वारा चढलाय, आता सगळं जलद होणार. बुकिंग घेताना लिहूनच देतो: वारा पडला तर पैसे बुडत नाहीत, तारीख पुढे जाते.

मंद वाऱ्याचे दिवस पूर्वी निव्वळ भाकड जायचे. फॉइल आलं आणि त्यात फरक पडला. बोर्डखाली खांब आणि पंख असल्यामुळे बोर्ड पाण्याच्या वर तरंगत जातो आणि थोड्या वाऱ्यातही चालतो. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये मार्सेय इथे फॉर्म्युला काइटच्या, म्हणजे फॉइलवरच्या पतंगांच्या, शर्यती झाल्या, एली ऑल्ड्रिज आणि व्हॅलेंटिन बोंटुस यांनी सुवर्णपदकं जिंकली, त्यानंतर आमच्याकडे फॉइलवाल्यांची विचारणाही वाढली. ते उड्या मारायला आलेले नसतात, सुसाट जातात, आणि शर्यतीच्या मार्गावर किनाऱ्यापासून फार लांब असतात. भावाला यासाठी आणखी लांबचं टिपणारी नवी मोठी लेन्स हवी आहे. फॉइलवाल्यांनी या मोसमात ठरलेले पैसे वेळेवर दिले तर घेऊ, असं मी त्याला सांगितलंय. तोवर जुन्या लेन्सवर टेलीकन्व्हर्टर, म्हणजे लेन्सचा पल्ला वाढवणारा जोड.