पारव्या रंगाचा थर

भाची सात वर्षांची होणार होती, म्हणून तिला सात थरांचा केक हवा होता. तोही विकतचा नाही, मामानं केलेला. फार पूर्वी मी कुकरमध्ये मीठ पसरून, शिट्टी-रिंग काढून एक केक भाजला होता. तेवढ्या भांडवलावर घरात माझी ख्याती अजून टिकून आहे.

"रंग कुठले?" मी विचारलं. तिनं लगेच 'व्हिबग्योर' म्हणून दाखवलं. मी म्हटलं, "आमच्या वेळी तानापिहिनिपाजा होतं." तिला ते एखाद्या गावाचं नाव वाटलं. मग एकेक अक्षर सोडवत गेलो. तांबडा, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा... आणि पारव्याशी अडलो.

"पारवा म्हणजे इंडिगो."

"इंडिगो म्हणजे विमान ना?"

खरं तर शाळेत मलाही पारवा कधी कळला नव्हता. खडूंच्या पेटीत तो नसायचाच. इंद्रधनुष्य काढताना निळाच दुसऱ्यांदा जरा दाबून फिरवायचा, झाला पारवा. न्यूटननंही आधी पाचच रंग मोजले होते. पुढे सुरांच्या सप्तकाशी जुळावं म्हणून त्यानं नारिंगी आणि पारवा मध्ये बसवले, आणि १७०४च्या त्याच्या ग्रंथात सातांची पंगत कायमची मांडली गेली. केक करणारे जास्त व्यवहारी. इंद्रधनुषी केक ते बहुतेक सहा थरांतच उरकतात. गळतो तो बिचारा पारवाच.

त्यात ताईची अट: बाटलीतले रंग पोरांच्या पोटात नकोत. म्हणून आदल्या शनिवारी रंगीत तालीम केली. बीट घातलेलं मिश्रण कालवलं तेव्हा झकास राणी रंगाचं होतं, ओव्हनमधून आलं ते थालीपीठ होऊन. बीटाच्या रंगाला आच सोसत नाही. हळदीच्या भांड्यात माझ्याकडून सोडा जास्त पडला आणि बघता बघता पिवळ्याचं लालसर झालं. मी घाबरलो, पण आई शांतपणे म्हणाली, "अरे, कुंकू असंच तर करतात. हळदीला चुना लागला की ती लाल होते. सोड्यानंही तेच व्हायचं." म्हणजे नारिंगीची सोय फुकटात झाली. पिवळ्यासाठी हळदीत दही घातलं, सोडा लांब ठेवला. पालकाचा हिरवा बऱ्यापैकी टिकला. त्याच्या वासाबद्दल कुणी विचारलं नाही, मीही विषय काढला नाही.

निळ्यावर माझी फार भिस्त होती. गॅलरीतल्या गोकर्णीची फुलं गरम दुधात भिजवली आणि दूध खरंच निळंशार झालं. भाजल्यावर मात्र थर निघाला तो शाळेच्या निळ्या चड्डीला शंभर धुण्यांनंतर येतो त्या रंगाचा. "हे काय, राख?" ताई म्हणाली. तिथंच तह झाला. तांबडा, निळा, जांभळा बाटलीतले, बाकी घरचे. फुकट कशाला घालवायचा, म्हणून तो राखी थरही यादीत राहिला.

अशा केकला नुसता अंड्याचा पांढरा भागच लागतो. बलक घातला की सगळं मिश्रण पिवळट होतं आणि निळ्याचा हिरवा होतो. आठ अंड्यांचे बलक उरले, त्यांची दोन दिवस भुर्जी खाल्ली. गोव्यात बेबिंकाला बलकच लागतात आणि तिथं थरावर थर ओतून वरून आच देत भाजतात. शेजारी एखादं गोव्याचं घर असतं तर दोन्ही घरांचा हिशोब चोख जमला असता.

माझ्याकडे सहा इंचांची दोनच भांडी. म्हणजे सात थरांना चार खेपा. प्रत्येक थराचं मिश्रण वजनकाट्यावर मोजून ओतलं, तरी प्रत्येकाचं डोकं वेगळं फुगलं. ती डोकी सुरीनं सपाट केली आणि सगळ्यांनी उभ्या उभ्या खाल्ली. आई तेवढ्यात कापलेली बाजू निरखून म्हणाली, "जाळी छान पडलीय." आमच्या घरात ढोकळा, अनारसा आणि केक यांना एकच परीक्षा आहे.

मग थर लावणं. डोंबिवलीत वाढलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. पाचपर्यंत सगळे गोविंदा नीट उभे होते. सहाव्याला मनोरा डावीकडे झुकला आणि घरात दहीहंडीला होतो तसाच हलकल्लोळ झाला. शेवटी कबाबची लांब काडी वरून आरपार खुपसली, तेव्हा सातवा जांभळा वर चढला.

क्रीमची कथा वेगळीच. मे महिना. बर्फाच्या पातेल्यात भांडं ठेवून फेटायचं, आणि त्याच्यावर धूळ नको म्हणून पंखा बंद. क्रीम टिकलं, मी वितळलो. नक्षी ताईनं हाती घेतली. मेंदीच्या कोनावर तिचा हात बसलेला, नोझल लावलेली पिशवी तिला परकी वाटलीच नाही. फक्त सवयीनं तिनं कोयऱ्या आणि वेलबुट्टीच काढली. केक नवरीच्या हातासारखा दिसायला लागला.

कापल्यावर मात्र पोरांनी 'ओऽऽ' केलं. भाची बोटानं मोजत खाली आली आणि त्या राखी थरापाशी थांबली. तेवढ्यात बाहेर खिडकीच्या जाळीवर नेहमीचं जोडपं येऊन घुमू लागलं. तिनं एकदा तिकडं पाहिलं, एकदा बशीत.

"मामा, पारवा!"

रंग अगदी तोच होता. मानेजवळची निळसर झाकसुद्धा.

मग तिनं सगळे रंग एकेक सोडवून खाल्ले आणि तो एक थर बशीच्या कडेला ठेवला. "कबुतर कोण खातं?" ती म्हणाली. तो मी खाल्ला. चवीला चांगला होता, पिवळ्यापेक्षा तरी.