पिणाऱ्याच्या नकळत

गुरुवार, रात्री

एस.टी. स्टँडकडून मेडिकलकडं येताना विजेच्या खांबावर एक पत्र्याची पाटी आहे: ‘पिणाऱ्याच्या नकळत दारू सोडवा.’ खाली मोबाइल नंबर होता, तो गंजून निम्मा गेला. पाटी मात्र कुणी काढत नाही. फोन लागत नसल्यानं की काय, तोच प्रश्न घेऊन माणसं आमच्या काउंटरवर येतात. माणसं म्हणजे बायकाच. आई, बायको, कधी लग्न झालेली लेक.

आज गर्दी ओसरायच्या वेळी एक मावशी आल्या. मागून आलेल्या दोन गिऱ्हाइकांना त्यांनी पुढं जाऊ दिलं, तेव्हाच मला अंदाज आला. पिशवीतून वहीचा फाडलेला कागद काढला. त्यावर कुणीतरी गोळीचं नाव लिहून दिलेलं: डायसल्फिराम.

‘दादा, आमटीत घातली तर चव कळती का हो?’

‘मावशी, ही डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय देता येत नाही. आणि घेणाऱ्याला न सांगता तर कुणीच देऊ नये.’

‘त्यो मला मारताना ईचारून मारतोय व्हय?’

फार्मसीच्या चार वर्षांत याचं उत्तर कुणी शिकवलं नाही. मी मला येतं ते सांगितलं. ही गोळी काय करते, कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी दवाखान्यात मानसोपचाराची ओपीडी आहे, 181 हा बायकांसाठीचा हेल्पलाइन नंबर आहे. त्या ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, ‘दवाखान्यात यायला तयार असता तर तुमच्याकडं कशाला आले असते?’ कागद घडी करून परत पिशवीत ठेवला आणि गेल्या. दुसऱ्या मेडिकलात गेल्या असतील.

या गोळीचा इतिहास मजेशीर आहे. 1937 साली अमेरिकेत रबराच्या कारखान्यातल्या एका डॉक्टरच्या लक्षात आलं की, रबर पक्कं करायच्या, डायसल्फिरामच्याच कुळातल्या रसायनात काम करणाऱ्या कामगारांना दारू सोसेनाशी झालीय. पुढं चाळीसच्या दशकात डेन्मार्कमध्ये जेकबसन आणि हाल्ड हे दोघं डायसल्फिरामचा जंतांवर उपयोग होतो का ते बघत होते. आधी स्वतः गोळ्या खाल्ल्या, आणि मग दारू घेतल्यावर तोंड लाल, डोकं ठणकायला लागलेलं. जंत राहिले बाजूला. 1951 मध्ये अमेरिकेत दारूच्या व्यसनावरचं औषध म्हणून त्याला मान्यता मिळाली.

दारू पोटात गेली की यकृत तिचं आधी अ‍ॅसिटाल्डिहाइड करतं आणि मग त्याचं निरुपद्रवी अ‍ॅसिटेट. ही गोळी दुसऱ्या पायरीच्या एन्झाइमला अडवते. मधला विषारी माल रक्तात साचतो. चेहरा पेटतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब घसरतो. हृदयाचा त्रास असला तर जिवावर बेततं. ज्यानं माहीत असून गोळी घेतलीय, तो ग्लासापासून लांब राहतो. ज्याच्या आमटीत ती कालवलीय, तो नेहमीसारखी क्वार्टर लावतो आणि गुत्त्याच्या दारात कोसळतो. मग त्याला दवाखान्यात नेणाऱ्यांनी डॉक्टरला सांगायचं काय? नुसती दारूच कशाला, खोकल्याच्या काही औषधांत अल्कोहोल असतं, द्राक्षासव-दशमूलारिष्टातही असतं. बिचाऱ्याला त्यानंही त्रास होईल आणि तो म्हणेल, मला करणी झालीय.

म्हणजे धोक्याचं कारण पुढं करून मी सुटू शकतो. पण उद्या अशी गोळी निघाली की जी अजिबात अपाय करत नाही, नुसती माणसाचा हात आवरते, तर? तेव्हा मी ‘नाही’ कशाच्या जोरावर म्हणणार?

हा प्रश्न विचारणारा मी पहिला नव्हे. इंगमार पर्सन आणि ज्युलियन साव्हुलेस्कू या दोघा तत्त्वज्ञांनी 2008 मध्ये एक निबंध लिहून हा वाद पेटवला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: विज्ञान वाढलं तसं मूठभर माणसांना लाखोंचा घास घेता येईल अशी साधनं आली, पण आपली माया-ममता घडली ती लहान टोळीत राहण्यापुरती. भाऊबंदांपलीकडं तिची धाव नाही. तेव्हा नुसती बुद्धी वाढवत बसण्यापेक्षा औषधानं, जमल्यास जनुकांत बदल करून, माणसाची नीतीच वाढवता येते का ते बघा. शिकवण आणि संस्कार चालूच ठेवा, पण ते पुरत नाहीत, असं ते म्हणतात. पुरत नाहीत हे रोज रात्री आठनंतर काउंटरवर उभं राहिलं की पटतं.

पण औषधं काय आहेत? शरीरातच तयार होणाऱ्या ऑक्सिटोसिन या हार्मोनचा फार गाजावाजा झाला. 2005 मध्ये झुरिकच्या संशोधकांनी ते नाकात फवारलं आणि पैशाच्या खेळात लोक अनोळखी माणसावर जास्त भरवसा ठेवायला लागले असं छापलं. वर्तमानपत्रांनी लगेच ‘प्रेमाचं रसायन’ करून टाकलं. पुढं नेदरलँड्सच्या प्रयोगांत दिसलं की, ही माया मुख्यतः आपल्या गटापुरती असते. शिवाय तो पहिला निष्कर्ष नंतर इतरांना तितका ठामपणे मिळालाही नाही. मला ते वाचल्यावर शाहू स्टेडियमच आठवलं. फुटबॉलच्या फायनलच्या दिवशी तिथल्या गॅलरीत ऑक्सिटोसिन फवारलं तर काय होईल? दोन तालमींच्या संघांची पोरं एकमेकांच्या गळ्यात पडतील? छे. आपल्या पेठेवरचं प्रेम आणखी उतू जाईल, आणि बंदोबस्त दुप्पट लागेल. माया कमी नाहीच आमच्यात. ती कुठं थांबते हा खरा घोटाळा, आणि त्यावर फवारा नाही.

या सगळ्यात मला हलवून सोडलं ते पार्कर क्रचफील्ड या अमेरिकन प्राध्यापकाच्या लेखानं. 2019 चा आहे. ते म्हणतात, नीती सुधारण्याचं औषध सगळ्यांना सक्तीनं द्यायचंच ठरलं, तर ते लोकांना न सांगताच द्यावं. उघड सक्तीपेक्षा ते बरं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, ही तर खांबावरची पाटी! इतक्या शहाण्या माणसानं, इतक्या तळटीपा देऊन, तीच पाटी रंगवलीय. फरक एवढाच की, पाटीवाला एका दारुड्याचं बोलतो आणि हे अख्ख्या समाजाचं.

मला सक्तीचं वावडं नाही. कोल्हापुरात राहून ते असूच शकत नाही. शाहू महाराजांनी 1917 मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, तेव्हा पोरगं शाळेत न पाठवणाऱ्या आईबापाला महिना एक रुपया दंड ठेवला. त्या काळी रुपया म्हणजे चेष्टा नव्हे. कित्येकांनी शिव्या घातल्या असतील. पण शिव्या कुणाला घालायच्या हे त्यांना ठाऊक होतं, ही मोठी गोष्ट. हुकूम कुणाचा, कशासाठी, चुकलं तर किती भरायचं, सगळं समोर. त्याच्याशी भांडता येत होतं, अर्ज करता येत होता, आणि शेवटी पोरगं वाचायला लागल्यावर मत बदलता येत होतं. गावातल्या बायका मतदान घेऊन दारूचं दुकान बंद पाडतात, बाटली आडवी करतात, तीही सक्तीच. पण चावडीसमोर केलेली. आमटीतल्या गोळीशी कुणी भांडणार कसं? ज्याला आपण बदललोय हेच माहीत नाही, त्याला ‘मला हे नको’ म्हणायचीही सोय उरत नाही. आणि आज ज्या हातात आमटीचा डाव आहे तो हात मावशींचा. उद्या तो सावकाराचा, कारखान्याच्या मालकाचा, पुढाऱ्याचा असला तर? नीट वागणं म्हणजे काय हे मग तेच ठरवणार. हल्ली तर ‘शांत राहा, तक्रार करू नका’ यालाच पुष्कळ जण चांगलं वागणं म्हणतात.

हे सगळं लिहायला ठीक आहे. पण माझ्या तत्त्वाचा खर्च मी भरत नाही, ज्यांच्या घरात रात्री भांडी फेकली जातात त्या भरतात. हा हिशेब मला जुळवता आलेला नाही, आणि जुळला असं कुणी म्हणालं तर माझा त्याच्यावर विश्वास बसणार नाही.

आमच्याकडं एक टेम्पोवाला येतो. हीच गोळी घेतो, चिठ्ठीवर, राजरोस. त्याची पद्धत अशी: गोळ्यांचं पाकीट बायकोकडं. सकाळी गाडी काढायच्या आधी तिच्यासमोर उभा राहून गोळी गिळायची, जीभ बाहेर काढून दाखवायची. शेजारी हसतात. डॉक्टरही म्हणतात, असं कुणाच्या देखत घेतली तरच या गोळीचा उपयोग होतो, एकट्याच्या भरवशावर सोडली की माणूस गोळीच सोडतो. आपल्याकडं पंढरीला जाऊन माळ घालतात ती याच जातीची. गळ्यात माळ दिसली की मित्रही ग्लास पुढं करत नाहीत. मनातली तलफ ना माळेनं जाते ना गोळीनं. गोळी तर नुसता धाक आहे. पण तो धाक त्यानं स्वतः मागून घेतलाय. सकाळी सहाला शहाणा असलेल्या माणसानं संध्याकाळी सातच्या स्वतःला घातलेली ती वेसण आहे.

या प्रकाराला नीती म्हणायचं का? जॉन हॅरिस नावाचे एक तत्त्वज्ञ आहेत, त्यांनी 2011 मध्ये या नीतिवर्धनवाल्यांना विरोध करताना लिहिलं की, माणसाला घसरण्याचं स्वातंत्र्य राहिलं पाहिजे. घसरताच येत नसेल तर सरळ उभं राहण्यात कसलं आलंय मोठेपण. मला हे वाक्य आधी फार खुर्चीतलं वाटलं होतं. घसरणाऱ्याच्या खाली कोण सापडतं हे त्यात नाही.

पण टेम्पोवाल्यानं ते मला पार कोल्हापुरी करून दाखवलं. मागं चैत्र जवळ आल्यावर आला आणि विचारलं, ‘गोळीचा असर किती दिस ऱ्हातोय?’ मी म्हणालो, दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. का रे? तर म्हणे, ‘जोतिबाच्या यात्रेला एक दिस घेणार. बायकोला सांगितलंय. ती म्हणली, एकच.’ म्हणजे घसरायची तारीख ठरलेली, तीही घरी मंजूर करून घेतलेली! मी त्याला दोन गोष्टी सांगितल्या. डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी बंद करायची नाही, आणि मधल्या दिवसांत ग्लास उचललास तर गुलाल न लावताच तोंड लाल होईल. बायको मागंच गाडीत बसलेली होती. तिनं काचेतून हात बाहेर काढला, त्यानं पाकीट तिच्याकडं दिलं आणि मला म्हणाला, बिल मात्र माझ्या नावावर करा.