अठराव्या कॅसेटची बी बाजू

वडिलांच्या ट्रंकेत ३१ कॅसेटी निघाल्या. सगळ्या आमच्या गावच्या भजनी मंडळाच्या, गणपतीतल्या रात्रींच्या. वर वडिलांचं अक्षर: 'गवळणी', 'अभंग, पेटी नवीन'. चार-पाचांच्या फिती सुटल्या होत्या, त्या पेन्सिल घालून गुंडाळल्या. मग जुन्या डेकची वायर कम्प्युटरला लावून महिनाभर रोज रात्री एक. तासाच्या कॅसेटला सहाशे एमबीच्या वर, म्हणजे सगळं मिळून २० जीबीच्या घरात.

हे ज्यांना द्यायचं ते दोघेच. मंडळातल्या पखवाजवाल्या काकांचा मुलगा चिपळूणला असतो, टाळकऱ्यांचा मस्कतला. तिघे एकाच बाकावर शिकलो.

"ड्राइव्हवर टाक की," मस्कतवाला म्हणाला. फुकटात १५ जीबी मिळतात, त्यातले निम्मे माझ्या फोटोंनीच खाल्लेत. पण खरी गोम वेगळीच. अठराव्या कॅसेटच्या बी बाजूला भैरवी संपल्यावरही टेप चालूच राहिलाय. कपबश्यांचा आवाज येतो, आणि मग वडील आणि पखवाजवाले काका गावातल्या एका मुलीच्या मोडलेल्या लग्नाबद्दल बोलतात, नावानिशी. ती आज गावातच नातवंडं खेळवते आहे. तेवढा तुकडा कापावा असं दोनदा मनात आलं. पण वडिलांचा गाण्याशिवायचा, नुसता बोलण्याचा आवाज माझ्याकडे दुसरीकडे कुठेच नाही.

तेव्हा ठरवलं, माझ्या घरातून थेट त्यांच्या घरात. मध्ये कुणाचं कोठार नको.

आधी जुनी विद्या काढली: राउटरमध्ये पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायचं दार, उघडायचा. तासभर झटलो, बाहेरून काही दिसेना. मग राउटरच्या पानावर पाहिलं, तर त्याला मिळालेला आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ताच, १००.७० ने सुरू होणारा. म्हणजे सीजीनॅट. इंटरनेट कंपनीने कित्येक घरांत मिळून बाहेरचा एकच पत्ता वाटलेला. चाळीला पाटी एक आणि खोल्यांना नंबरच नाहीत, पोस्टमन जाणार कुठे? स्टॅटिक आयपी, म्हणजे आपला एकट्याचा न बदलणारा पत्ता, हवा तर दरमहा वेगळे पैसे. एका अर्थी बरंच झालं म्हणा. आधीच्या घरी मी लांबून लॉगिन करायचा पोर्ट २२ उघडा ठेवला होता, तर दुसऱ्याच दिवशी लॉगमध्ये 'रूट', 'अ‍ॅडमिन', 'टेस्ट' अशा नावांनी दार वाजवणाऱ्यांची रांग लागलेली.

शेवटी सिंकथिंग घेतलं, एका मशीनवरचं फोल्डर दुसऱ्या मशीनवर जसंच्या तसं उतरवणारा प्रोग्राम. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, आणि पोर्ट उघडायची कटकट नाही. थेट जोडणी जमली नाही तर माल मधल्या रिले सर्व्हरवरून जातो. वेग पार बसतो, पण कुलूप दोन टोकांच्या मशीनवरच असतं, रिलेला आतलं काही दिसत नाही.

प्रत्येक मशीनला एक डिव्हाइस आयडी असतो, सात-सात अक्षरांचे आठ गट. चिपळूणवाला तो फोनवर वाचून दाखवायला लागला: "पी... पपईचा पी. मग फोर. मग क्यू." तिसऱ्या गटाला दोघांनीही हात टेकले. मग त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला आणि बोलून फक्त पहिला आणि शेवटचा गट ताडून पाहिला. हा आयडी कुणाला कळला तरी बिघडत नाही. दोन्हीकडून एकमेकांना 'हो' म्हटल्याशिवाय जोडणीच होत नाही.

माझ्या फोल्डरला 'सेंड ओन्ली' केलं होतं, म्हणजे फक्त पाठवायचं, तिकडचे बदल घ्यायचे नाहीत, ते नशीब. तिसऱ्या दिवशी माझ्याकडे एकदम लाल बटण: ओव्हरराइड चेंजेस. चिपळूणवाल्याने आलेल्या फायलींची नावं आपल्या सोयीने बदलून टाकली होती. 'अभंग, पेटी नवीन'चं झालं 'बाबा ०४'. माझ्याकडचं काही हललं नव्हतं. बटण दाबलं असतं तर त्याची सगळी नावं पुसली गेली असती. नाही दाबलं. त्याला म्हटलं, वेगळ्या फोल्डरमध्ये कॉपी कर आणि तिथे हवी ती नावं दे.

मस्कतवाल्याकडे सगळं पोचलं, त्याने अजून उघडलेलं नाही. चिपळूणला दुपारची लाइट जाते, आणि कम्प्युटर दोन्हीकडे चालू असेल तेव्हाच फायली सरकतात. त्यात सिंकथिंग क्रमाने आणत नाही, हाताला लागेल ती फाइल उचलतं. काल त्याचा फोन आला, "सत्तावीस आली, तीस आली, अठराच्या दोन्ही बाजू राहिल्यात. त्यात काय आहे रे?"

"भैरवी," म्हटलं. "शेवटपर्यंत ऐक."