ग्रिल, कुत्रा आणि घराचा इन्शुरन्स: वणव्याच्या पट्ट्यातला माझा अनुभव

आम्ही कॅलिफोर्नियात प्लॅसरव्हिलच्या जरा वरच्या अंगाला राहतो, नवऱ्याची नोकरी खाली फोल्समला. घर घेतलं ते झाडं बघून, आणि आता त्या झाडांपायीच सगळा व्याप. २०२१ च्या ऑगस्टात काल्डोर फायर नावाचा मोठा वणवा लागला, ग्रिझली फ्लॅट्स गाव बहुतेक सगळं गेलं, आग पुढे डोंगर ओलांडून लेक टाहोच्या खोऱ्यात उतरली, आणि त्यानंतर आमच्या भागात इन्शुरन्स कंपन्यांनी एकेक करून काढता पाय घ्यायला सुरुवात केली. मग आमचंही नॉन-रिन्यूअलचं, म्हणजे पॉलिसी पुढे चालू ठेवणार नाही असं, पत्र आलं. इथे कायद्याने ७५ दिवस आधी कळवावं लागतं, म्हणजे हातात तेवढाच वेळ. आणि नेमकी त्याच वेळी आमची रेस्क्यूची, म्हणजे बेवारस कुत्र्यांना घर मिळवून देणाऱ्या संस्थेकडून कुत्रा घ्यायची, फाईल पुढे सरकलेली, दोन वर्षं मुलगी मागे लागली होती, तिला नाही कोण सांगणार.

ब्रोकरबाईंनी पहिल्याच फोनवर सांगितलं की दुसरी कंपनी शोधत बसू नका, फेअर प्लॅन घ्या. ही राज्यातली शेवटची सोय, कुणीच घेत नाही त्यांच्यासाठी १९६८ पासून चालू आहे. पण ती आग, आकाशातून पडणारी वीज, धूर, घरातला स्फोट एवढंच बघते. चोरी नाही, पाइप फुटला तर नाही, आणि लायबिलिटी, म्हणजे आपल्यामुळे दुसऱ्याला इजा झाली तर त्याची भरपाई, तर अजिबात नाही. म्हणजे कुत्रा कुणाला चावला तर सगळं आपल्या अंगावर, कारण कॅलिफोर्नियात कुत्रा आधी कधी चावला नसला तरी मालकच जबाबदार. त्यासाठी वर दुसरी पॉलिसी लागते, तिला डीआयसी म्हणतात, आणि तिच्या फॉर्मवर ट्रॅम्पोलिन, स्विमिंग पूल आणि कुत्र्याची जात एका ओळीत विचारतात! आमच्या खंड्याच्या कागदावर "शेफर्ड-हस्की मिक्स" लिहिलेलं. एका कंपनीने शेफर्ड वाचूनच नाही म्हटलं. ब्रोकरबाई म्हणाल्या, अंदाजाने दुसरी जात टाकू नका, क्लेम आला की तेच नडतं, कागदावर आहे तेच लिहा आणि रेस्क्यूवाल्यांकडून तो कधी कुणाला चावलेला नाही असं लेखी घ्या. त्या पत्रावर दुसऱ्या कंपनीने घेतलं.

खरी गंमत कुंपणाची झाली. रेस्क्यूची बाई होम चेकला आली, तिची अट अशी की सहा फुटी कुंपण हवं, कुठेही फट नको, हस्की उड्या मारतो आणि उकरतोही. तिकडे इन्शुरन्सच्या यादीत असं की लाकडी कुंपण घराला टेकलेलं नको, ते वातीसारखं पेटत घरापर्यंत येतं. एक म्हणतो कुंपण लाव, दुसरा म्हणतो काढ! शेवटी भिंतीपासूनचा पाच फुटांचा लाकडी तुकडा काढून तिथे लोखंडी चौकट आणि जाड जाळीचं सहा फुटी फाटक बसवलं, आणि खंड्या खालून उकरेल म्हणून फाटकाखाली काँक्रीटच्या फरश्या पुरल्या. आल्यावर दुसऱ्याच सकाळी त्याने बरोब्बर तिथेच उकरायला घेतलं, नखं फरशीवर करकर वाजली, मग आमच्याकडे बघून निघून गेला.

हे पहिले पाच फूट फार महत्त्वाचे, झोन झिरो म्हणतात. घर सहसा ज्वाळांनी पेटत नाही, वाऱ्याबरोबर मैलभर लांबूनसुद्धा उडून येणाऱ्या ठिणग्यांनी पेटतं, आणि ठिणगीला भिंतीपाशी वाळलेलं काहीही चालतं. आमच्याकडे खिडकीखाली मातीवर पसरलेलं लाकडाच्या सालीचं मल्च होतं आणि जूनिपरची झुडपं, दोन्ही गेलं. खडी टाकायची तर गोल पी ग्रॅव्हल घ्या, धारेची फोडलेली खडी कुत्र्याच्या पंजांना टोचते, आणि कोकोच्या बियांच्या टरफलांचं कोको मल्च तर बागेत कुठेच नको, कुत्र्यांना विषारी असतं. चिपळूणहून बाबा फोनवर, "अगं एवढं काय त्यात, आपल्याकडे वनखातं जाळरेषा काढतंच की." बरोबर आहे बाबा, पण वनखातं बिल पाठवत नाही ना!

त्यापुढे तीस फुटांपर्यंत गवत कापायचं, शंभर फुटांपर्यंत झाडी विरळ करायची. गवताचं काम मात्र मी खंड्यासाठी जास्त मन लावून केलं, कारण इथलं फॉक्सटेल गवत मे-जूनमध्ये वाळलं की त्याची कुसळं कुत्र्याच्या कानात, नाकात, बोटांच्या बेचक्यात शिरतात, आणि काटे एकाच दिशेला असल्यामुळे आत आत सरकत जातात, मागे येतच नाहीत. फिरून आलं की पंजे तपासायचे, रोज. गवत कापायचं तेही सकाळी दहाच्या आत, दमट हवेत, कारण मशीनचं पातं दगडावर आपटलं की ठिणगी पडते. तोडलेल्या फांद्यांसाठी काउंटीच्या (जिल्ह्याच्या) फायर सेफ कौन्सिलचा चिपर, म्हणजे फांद्यांचा भुगा करणारं मशीन, येतो, अर्ज करून ठेवा, नंबर लागायला वेळ लागतो.

आता ग्रिल. नवऱ्याचं कोळशाचं केटल ग्रिल लाकडी डेकवर, अगदी छताच्या पन्हळीखाली असायचं. भरताची वांगी, कणसं, सुरमई, सगळं त्याच्यावर. कोळसा बंद म्हटल्यावर त्याने चार दिवस तोंड पाडलं. गॅसचं ग्रिल घेतलं, घरापासून दहा फुटांवर, खडीवर, वर फांदी नाही, शेजारी पाण्याचा पाइप जोडलेला. जुन्या कोळशाची राख झाकणाच्या लोखंडी बादलीत पाणी घालून ठेवली, निखारा राखेत दिवस दिवस धुमसतो, प्लास्टिकच्या कचरापेटीत कधीच टाकू नका. आणि रेड फ्लॅग वॉर्निंग, म्हणजे कोरड्या हवेत वाऱ्याने आग भडकण्याचा हवामान खात्याचा इशारा, असेल त्या दिवशी गॅसचंसुद्धा पेटवायचं नाही, हा आमच्या घरचा नियम, कायदा काय म्हणतो ते मी विचारतही नाही. भरीत आता बरं होतं, पण कोळशाचा वास नाही हे मान्य.

कॅल फायरचा, म्हणजे राज्याच्या अग्निशमन खात्याचा, माणूस पाहणीला आला, फुकट असते, टॅब्लेटवर एकेक खूण करत फिरला. त्याने फक्त पोटमाळ्याच्या झरोक्यांची जाळी बदलायला सांगितली, भोकं पाव इंची होती, ती एक अष्टमांश इंचाची हवीत.

कुत्र्याचं म्हणाल तर सगळ्यात वेळ खाल्ला गाडीत बसवण्याने. खंड्या शेल्टरमधून आलेला, पिंजरा दिसला की पाय रोवून उभा. चिकनचे तुकडे टाकत टाकत आधी पिंजरा घरात, मग अंगणात, मग गाडीत, असं करत करत आणलं. वणवा जवळ आला की आधी घर सोडायची तयारी करा अशी वॉर्निंग येते, मग निघाच अशी ऑर्डर; घरात जनावर असेल तर ऑर्डरची वाट बघायची नाही, वॉर्निंग आली की निघायचं, कारण घाबरलेला कुत्रा पलंगाखाली गेला की अर्धा तास तिथेच जातो. त्याच्या कातडीखालच्या ओळखीच्या चिपचा नंबर, रेबीजचा दाखला आणि आमच्याबरोबरचा फोटो फोनमध्ये ठेवलाय, मोबाइलवर वणव्यांची खबर देणारं वॉच ड्यूटी अॅप आहेच.

दोन्ही पॉलिस्या मुदतीच्या आत मिळाल्या, मिळून आधीच्यापेक्षा खूपच महाग. सवलत मात्र आपणहून कुणी देत नाही. २०२२ पासून असं काम केलेल्यांना कंपन्यांनी सवलत द्यावी असा राज्याचा नियम आहे, पण पाहणीचा रिपोर्ट, पावत्या आणि आधीचे-नंतरचे फोटो ब्रोकरबाईंना पाठवून दोनदा विचारल्यावर कुठे आमच्या बिलात ती दिसली. तेव्हा काम सुरू करण्याआधी चारही बाजूंचे फोटो काढून ठेवा, जूनिपर तोडल्यावर "इथे जूनिपर होतं" हे दाखवणार कसं?