डब्यावर नसलेली नावं

टेपचं स्पूल उजेडासमोर धरलं की ती कशाची आहे ते कळतं. उजेड आरपार आला तर अ‍ॅसिटेट, नाही आला तर पॉलिएस्टर, हे दोन्ही प्लॅस्टिकचे प्रकार. ही अ‍ॅसिटेटची होती. डबा उघडताच व्हिनेगरचा वास नाकात गेला, म्हणजे टेप कुजायला लागलेली. कडा वळल्या होत्या, जुने जोड सुटत आले होते. डब्यावर निळ्या शाईत लिहिलं होतं: मास मीटिंग, जुलै ६२, आणि पुढे भाषण करणाऱ्या पाद्रींचं नाव. अगदी खाली, जागा उरली म्हणून लिहावं तसं, 'गाणी'.

मी अमेरिकेत, जॉर्जियातल्या एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात जुनी ध्वनिमुद्रणं डिजिटल करतो. ही टेप राज्याच्या नैर्ऋत्य भागातल्या एका बॅप्टिस्ट चर्चमधली. पाद्रींच्या कुटुंबाने ती आमच्याकडे दिली होती. प्रदर्शन मांडणाऱ्या सहकाऱ्यांची मागणी साधी होती: भाषण तेवढं घ्या, मागची गडबड काढून टाका, चार मिनिटांचा तुकडा द्या.

जुलै १९६२ आणि नैर्ऋत्य जॉर्जिया म्हटलं की काळ्यांच्या नागरी हक्क चळवळीतलं ऑल्बनी शहर आलंच. आपल्याकडे माँटगोमेरी, बर्मिंगहॅम ही नावं माहीत असतात, ऑल्बनी सहसा नसतं. नोव्हेंबर १९६१मध्ये तिथल्या बसस्थानकावर गोऱ्यांसाठी राखलेल्या जागेत काळे विद्यार्थी गेले, अटक झाली आणि आंदोलन पेटलं. डिसेंबर संपायच्या आत सातशेच्या वर माणसं तुरुंगात गेली, मार्टिन ल्यूथर किंगसुद्धा. पोलीसप्रमुख लॉरी प्रिचेट हुशार होता. कॅमेऱ्यासमोर लाठी उचलायची नाही आणि आपला तुरुंग भरला की आजूबाजूच्या काउंट्यांमधल्या, म्हणजे जिल्ह्यांमधल्या, तुरुंगांत माणसं धाडायची, हे त्याने आधीच ठरवून ठेवलं होतं. शहराने मागण्या मान्य केल्या नाहीत. म्हणून पुष्कळ पुस्तकांत ऑल्बनीपुढे 'अपयश' असा शिक्का असतो. मला तो कधीच पटला नाही. त्या चळवळीने गाणं असं काही हाती घेतलं की पुढची कित्येक वर्षं दक्षिणेतल्या मोर्च्यांना ते पुरलं. बर्नीस जॉन्सन ही तिथल्या कॉलेजातली मुलगी. पहिल्या मोर्च्यानंतर तिला गाणं सुरू करायला सांगितलं, तेव्हा तिने एक जुनं भक्तिगीत उचललं. त्यात 'माझ्या डोक्यावर, हवेत संकट दिसतंय' अशी ओळ होती. गाता गाताच तिने संकट काढून तिथे स्वातंत्र्य घातलं. आंदोलनात भाग घेतला म्हणून कॉलेजने तिला काढून टाकलं. १९६२मध्ये 'फ्रीडम सिंगर्स' हा चौघांचा गट निघाला, त्यात ती होती.

आसपासच्या खेड्यांतली परिस्थिती शहराहून वाईट. त्याच जुलैत टेरेल काउंटीतल्या सॅसर गावी मतदार नोंदणीची सभा चालू असताना शेरीफ, म्हणजे काउंटीचा पोलीसप्रमुख, आपली माणसं घेऊन चर्चमध्ये शिरला. हजर असलेल्यांची नावं घेतली गेली, बाहेरच्या गाड्यांचे नंबर टिपले गेले. लोकांनी त्यांच्यासमोरच 'वी शॅल ओव्हरकम' गुणगुणलं. सप्टेंबरात ते चर्च जाळण्यात आलं. आमची टेप तिथली नव्हे, पण त्याच मुलखातली आणि त्याच महिन्यातली.

टेप लावली. आधी एका बाईचा जड आवाज, मग सगळं चर्च. लाकडी जमिनीवर पाय आपटल्याचा ठोका असा की मीटरचा काटा दर ठोक्याला लाल पट्टीत जात होता. सगळ्याखाली विजेची घरघर. ही घरघर बहुतेकांना नकोशी असते, मला ती आधी हवी असते. अमेरिकेत विजेची वारंवारता ६० हर्ट्झ. टेपवरची घरघर बरोबर ६० आली, तर टेप मुद्रणाच्या वेळच्याच वेगाने वाजते आहे. इथे ती ५७ भरली. म्हणजे मुद्रण करणारं यंत्र जरा जोरात पळत होतं आणि माझ्याकडे सगळं जवळजवळ एका अर्धस्वराने खाली उतरलं होतं. वेग नीट केला आणि तो जड आवाज हलका झाला. बाई नव्हे, मुलगी गात होती.

दुपारी ठरल्याप्रमाणे त्या चर्चच्या एक वयोवृद्ध बाई नातवासोबत आल्या. पाद्री ओळखता येतात का, एवढंच आम्हाला विचारायचं होतं. मी म्हटलं, "मॅम, आधी गाणं ऐकता का?" त्यांनी काठी टेबलाला टेकवली, हेडफोन नको म्हणाल्या, "मोठ्याने लाव, बाळ."

गाणं सुरू झालं. पहिल्या ओळीलाच त्यांनी हात वर केला. मी टेप थांबवली.

"ही माझी बहीण," त्या म्हणाल्या. "सोळा वर्षांची होती."

पुन्हा लावलं, पुन्हा थांबवलं. हा डावीकडचा खालचा आवाज अमुक काकूंचा. त्या गोऱ्यांच्या घरी कपडे धुवायच्या. त्या सभेला जातात हे गाडीच्या नंबरावरून कळलं आणि सोमवारी मालकिणीने दारातूनच परत पाठवलं. हा खर्जातला डीकनचा, म्हणजे चर्चच्या कारभाऱ्याचा. वाट्याने जमीन कसायचे, पीक काढायच्या आधीच मालकाने घर खाली करायला लावलं. हा मधेच कापरा होतो तो शाळेतल्या बाईंचा. त्या मागच्या बाकावर बसायच्या, कारण नोकरी सरकारी. एकेक आवाज त्या बोटाने हवेत दाखवत होत्या, जणू बाकांच्या रांगा समोरच आहेत. सलग ठोका धरणारे पाय कुणाचे, हेही सांगितलं. मी प्रत्येक नावापुढे मिनिट-सेकंद लिहीत गेलो. नातू आधी फोन बघत होता, मग त्याने फोन खिशात ठेवला.

मी नाशिकच्या वस्तीत वाढलो. एकाने ओळ टाकायची आणि बाकीच्यांनी झील धरायची, हे चौदा एप्रिलला आणि सहा डिसेंबरला लहानपणापासून कानावर पडलेलं. आंबेडकरी जलशांनी गावोगाव जे काम केलं त्यातले मुख्य शाहीर तरी आपल्याला माहीत आहेत. मागे उभे राहिलेले झीलकरी किती जणांना सांगता येतील? माझ्या आजोळची दोन माणसं जलशात मागे उभी राहायची आणि त्यांचा आवाज कुठेच उरलेला नाही. इथे साठ वर्षांनी माझ्यासमोर एक बाई सगळ्या झीलकऱ्यांची नावं सांगत होत्या. माझा हात लिहायला पुरत नव्हता.

मधे एका ठिकाणी गाणं सैल पडतं. ऐकताना वाटतं, संपलं. मग त्याच मुलीचा आवाज वर चढतो आणि सगळे तिच्यामागे परत येतात. मी विचारलं, तिथे काय झालं? "बाहेर गाड्या थांबल्या होत्या. दिवे खिडकीवर आले. पाद्री मनातल्या मनात प्रार्थना करत होते. तिने उचललं." त्यांनी हे इतक्या सरळ सांगितलं की मी तसंच लिहून घेतलं.

पाद्रींचं भाषण चांगलंच आहे, त्यांच्या धैर्याबद्दल शंका नाही. पण भाषणाच्या मागे ज्याला 'गडबड' म्हटलं होतं, तो म्हणजे याच माणसांचा प्रतिसाद. 'सांगा', 'खरंय', मग टाळी, मग गुणगुण. पाद्री त्या गुणगुणीवर आपलं वाक्य बसवतात, ती थांबली की थांबतात. सॉफ्टवेअरने ती पुसली असती तर रिकाम्या खोलीत एकटा माणूस बोलतोय असं वाटलं असतं, आणि ते साफ खोटं ठरलं असतं. मी सहकाऱ्यांना तसं स्पष्ट सांगितलं. थोडी वादावादी झाली. प्रदर्शनात लोक तीस सेकंदांच्या वर थांबत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, मग गाणंच लावा, त्यासाठी थांबतील.

शेवटी दोन आवाज उरले. बाईंना ते ओळखता येईनात. त्यांनी नातवाला डेट्रॉइटच्या चुलतबहिणीला फोन लावायला सांगितला आणि तो स्पीकरजवळ धरून मी तो भाग वाजवला. पलीकडून आधी काहीच नाही, मग हसू आणि लगेच दोघींचा वाद. ती म्हणे हा तिच्या आईचा, या म्हणत छे, तुझी आई कधीच इतक्या सुरात नव्हती. तीनदा वाजवलं. वाद मिटला नाही, म्हणून नोंदीत दोघींची मतं घातली. गायकांच्या रकान्यात आता अकरा नावं आहेत, बहिणीचं पहिलं. पाद्रींचं वक्त्यांच्या रकान्यात आहे. प्रदर्शनात सात मिनिटांचं गाणं पायांच्या ठोक्यांसकट लागतं आणि त्यानंतर भाषण.