४५ डिग्रीत स्पार्टन

हेलो नावाच्या व्हिडिओ गेममधल्या स्पार्टनचं, म्हणजे चिलखती सैनिकाचं, चिलखत मी घरी बनवलं आणि फोटो बघून सगळे विचारतायत की ते कशाचं आहे. आधी तेच सांगून टाकते म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवर प्रत्येकाला तेच तेच उत्तर द्यायला नको. फोटोत जे चिलखत दिसतंय ते लोखंड नाही, फायबर नाही, थ्रीडी प्रिंट पण नाही. चपलेचा फोम आहे. इव्हीए म्हणतात त्याला, पायातल्या स्लीपरचा तळ ज्याचा असतो तोच माल, फक्त आख्ख्या शीटमध्ये. ऑनलाइन त्यालाच कॉस्प्ले (म्हणजे गेम-सिनेमातल्या पात्राचा वेश करणं) फोम असं नाव लावून भारी भावात विकतात, पण जळगावात चपलांचं कच्चं मटेरियल विकणाऱ्याकडे गेलं की २, ५, १० एमएम सगळं मिळतं, फक्त "कशाला पाहिजे ताई" याचं उत्तर तयार ठेवायचं. मी शाळेच्या नाटकासाठी म्हणून सांगते. खरं सांगितलं की अर्धा तास तिथेच जातो.

गेम म्हणजे हेलो रीच. बंजी कंपनीचा, २०१० चा. पीसीवर आला २०१९ च्या डिसेंबरात आणि पुढे मार्चमध्ये लॉकडाऊन लागलं, त्यामुळे तो मी किती वेळा संपवला ते विचारूच नका. हेलो म्हटलं की सगळ्यांना त्या मालिकेचा नायक, तो हिरवा मास्टर चीफच आठवतो, पण मला तो करायचाच नव्हता. एक तर तो चिलखतात सात फुटी गडी, मी सव्वापाच फूट, आणि दुसरं म्हणजे चीफच्या एकेका रेषेचा हिशोब ठेवणारी मंडळी आहेत, हिरवा रंग जरा पोपटीकडे झुकला की झालंच मग. रीचमध्ये आपण नोबल सिक्स असतो, म्हणजे नोबल नावाच्या तुकडीतला सहावा स्पार्टन. मुलगा की मुलगी ते आपण निवडायचं, खांदे, गुडघे, छाती, रंग, हेल्मेटच्या काचेचा रंगसुद्धा आपल्या मनाने लावायचा. मग चूक काढणार कोण? माझी सिक्स गेममध्ये राखाडी होती, एका खांद्यावर गडद हिरवा पट्टा, तीच केली.

आता मुद्द्याचं. फोमचे जेवढे व्हिडिओ बघाल ते सगळे थंड देशातल्या माणसांनी आपल्या गॅरेजमध्ये बसून केलेले असतात. तो आरामात चिकट लावतो, कॉफी पिऊन येतो, मग जोडतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर, भुसावळला तर विचारूच नका, तिथे ही कॉफी चालत नाही. फेविकॉलचं एसआर ९९८ किंवा तसलं कुठलंही रबरवालं चिकट दोन्ही कडांना पातळ लावायचं, बोटाला चिकटेनासं झालं की जोडायचं आणि एकदा जोडलं की हलवायचं नाही, हा त्याचा नियम. दुपारच्या उन्हात काय होतं की दुसरी कड लावून होईपर्यंत पहिली पार सुकून जाते, वरून पापडी धरते, आणि असा जोड आज धरलेला दिसला तरी उद्या हात वाकवला की उकलतो. खोलीत कूलर लावून बसावं तर चिकटाच्या वासाने डोकं चढतं, त्यातलं सॉल्व्हंट फुफ्फुसात गेलेलं बरं नाही, त्याला मोकळी हवाच पाहिजे आणि वर काडतूसवाला, म्हणजे वाफ गाळणाऱ्या डब्या लावलेला मास्क. म्हणून चिकटाचं सगळं काम पहाटे गच्चीवर, ऊन जिन्यापर्यंत यायच्या आत. दुपारी फक्त कागद कापायचे, पॅटर्न काढायचे, खाली फरशीवर बसून.

हीट गनचं, म्हणजे गरम हवेचा झोत सोडणाऱ्या यंत्राचं पण तसंच. फोम तापवला की मऊ पडतो, पाहिजे तसा वाकवून थंड होईपर्यंत धरून ठेवला की तो आकार लक्षात ठेवतो, पूर्ण चिलखताची जादू एवढीच आहे. पण थंड होईपर्यंत म्हणजे आपल्याकडे कधी? मी माठावरचं ओलं फडकं घेते आणि तापलेल्या तुकड्यावर दाबते, लगेच बसतो. उलटा प्रकार असा की पुन्हा तापला की तो फोम परत सपाट व्हायला बघतो, त्यामुळे तयार खांदे आणि पोटऱ्या पत्र्याच्या खोलीत किंवा उन्हात उभ्या गाडीत ठेवायच्या नाहीत म्हणजे नाहीत. माझे सगळे तुकडे खालच्या खोलीत, आत जुन्या साड्यांचे बोळे कोंबून. आणि हो, गन २००० वॅटची असते, लाइट गेली की घरच्या इन्व्हर्टरवर लावायचा विचार पण करू नका.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते मापाने. पॅटर्न काढायला पेपाकुरा नावाचं जपानी सॉफ्टवेअर आहे, गेमचं थ्रीडी मॉडेल उलगडून ते सपाट कागदावर देतं, ए-फोरची चवड प्रिंट करायची, चिकटवायची, कापायची. उंची टाकली की सगळं त्या हिशोबात लहान-मोठं होतं. पण पुरुषाच्या मापाचं मॉडेल नुसतं लहान केलं तर लहान पुरुष होतो, बाई होत नाही. छातीची पाटी लावली की मी खोक्यात बसल्यासारखी दिसायचे. आई समोर मशीनवर ब्लाउज शिवत होती. ती अमळनेरकडची, घरात अहिराणीच चालते. बराच वेळ तिने काही म्हटलं नाही, मग कागदी पाटी माझ्या अंगावरून ओढून घेतली, उलटी-सुलटी केली आणि म्हणाली, "अवं, हाई ते कटोरीनंच काम शे." म्हणजे, अगं हे तर कटोरीचंच काम आहे. कटोरी ब्लाउज ज्यांना माहितीये त्यांना कळलं असेल. सपाट कापडाचे वळणदार तुकडे जोडून गोलाई आणायची, आणि दोन तुकड्यांच्या कडा एकसारख्या नसतातच, एक थोडी जास्त वळते, म्हणून तर फुगीर होतं. तिने खडूने तीन रेषा मारल्या, खाली दोन टक्स दिले, मुंढा, म्हणजे बाहीची गोलाई, बोटभर खाली घेतला, का तर "हात वर कसा जाईल तुझा, बंदूक धरायची ना?" बंदूक धरायची हे तिने लक्षात ठेवलं होतं! त्यानंतर खांद्याचे घुमट, गुडघ्याच्या वाट्या, सगळं मी त्याच पद्धतीने काढलं. सॉफ्टवेअरमधला जो आकार बारीक-बारीक त्रिकोणात येतो तो आई दोन तुकड्यांत बसवते. तुम्हाला जर हे करायचं असेल तर यूट्यूबच्या आधी घरातल्या किंवा गल्लीतल्या शिवणाऱ्या बाईकडे एक दुपार बसा, खरंच सांगते.

कापायचं तर साधं स्नॅप-ऑफ कटर बस झालं, पण पात्याचं बोथट टोक सारखं मोडून टाकत राहायचं, हा फोम दिसतो मऊ आणि धार खाऊन टाकतो. पातं बोथट झालं की कड कुरतडल्यासारखी येते आणि मग ती घासत बसायला लागते, त्या भुशीने घर भरतं. कोपरा करायचा असेल तिथे कटर तिरपं धरून दोन्ही कडा ४५ अंशात, म्हणजे जोडल्यावर काटकोन.

आणि एक माझा आवडता प्रकार. चिलखतावर ज्या पॅनेलच्या रेषा दिसतात ना, त्या कोरलेल्या नाहीत. कटरने वरवर अर्धी जाडी सुद्धा न जाता एक चीर द्यायची आणि तिच्यावरून हीट गन फिरवायची. चीर आपोआप उघडते, कडा गोल होतात, जणू कारखान्यातूनच तशी आलीय. पहिल्यांदा बघाल तेव्हा तुम्ही उगाच पाच-दहा चिरा जास्तीच्या माराल.

तापवताना पृष्ठभागावर हलकी चमक येते, तेव्हा समजायचं की भोकं बंद झाली, नाहीतर रंग नुसता पीत राहतो. त्यावर पांढऱ्या फेविकॉलमध्ये पाणी घालून दोन-चार हात. कोपर-गुडघ्याजवळ पातळच, जाड थर वाकला की तडकतो. गाड्यांचा डेंटिंग-पेंटिंगवाला रंग थेट मारायचा मोह होतो, पण तो पत्र्यासाठी आहे, फोम वाकतो आणि तो वाकत नाही. मी अ‍ॅक्रिलिकच वापरला. शेवटी पातळ काळा रंग सगळीकडे फासून लगेच पुसायचा, खाचांत राहतो तेवढाच राहू द्यायचा, आणि कडांवर कोरड्या ब्रशने चंदेरी. इथे हात आवरणं सगळ्यात अवघड, कारण मजा येते. आमच्या ओळखीचे एक मखरवाले आहेत, २०१८ मध्ये थर्माकोलवर बंदी आल्यापासून ते फोमकडे वळलेत, ते बघून म्हणाले की ताई अजून एक हात मारा, आता जुनं दिसतंय, अजून मारलं तर भंगार दिसेल की नाही ते कळेल. अशा सल्ल्याचं काय करायचं!

हेल्मेटचा घुमट पालथ्या माठावर वाकवला. काच म्हणजे बाइकच्या हेल्मेटची सोनेरी मर्क्युरी काच, ती कापून बसवली, बाहेरून आरसा आणि आतून बऱ्यापैकी दिसतं, संध्याकाळी मात्र काही दिसत नाही. आत गोलाणी मार्केटमधून आणलेले दोन छोटे पाच व्होल्टचे पंखे, पाठीच्या पाटीत पॉवर बँक. एक हवा आत घेतो, एक बाहेर फेकतो, दोन्ही आत फेकणारे लावले तर काच वाफेने भरते. आत अंगाला सुती काळा टीशर्ट, बाकी काही नको.

पहिल्यांदा घालून बाहेर पडले ती मेहरूण तलावावर, सकाळी सकाळी, मैत्रीण फोटो काढायला. सगळे तुकडे केळीच्या खोक्यांत भरून नेले, एक्सपोर्टवाली खोकी, बाजूला हवेची भोकं असतात त्यामुळे आत गरम होत नाही, वजनाला हलकी आणि आपल्या जिल्ह्यात काय कमी आहेत का. फिरायला आलेल्या एका काकांनी लांबूनच मास्क वर केला आणि विचारलं, "परत आला का कोरोना?" दोन पोरं सायकल टाकून आली, "हाई काय शे भो?" एकाने दुसऱ्याला समजावलं की हा रोबोट आहे, आत माणूस नाही. मी हात हलवला तर दोघं सायकलीकडे पळाली, मग परत आली.

त्यातल्याच एकाने जाता जाता तो प्रश्न विचारला जो मोठ्या माणसांना विचारायचा असतो पण लाज वाटते. शी-शूला कसं जाता? तर ऐका. मांड्यांचे दोन्ही तुकडे वरून एका बेल्टला लटकलेले आहेत, पुढची-मागची कमरेची पाटी पण त्याच बेल्टला, आणि बेल्टला बॅग रिपेअरवाल्याकडून बसवून घेतलेलं एकच बकल आहे डाव्या बाजूला. ते दाबलं की गुडघ्यापर्यंतचं सगळं सुटतं, कोणाची मदत लागत नाही. उन्हात पाणी तर पीत राहावंच लागतं, त्यामुळे हे मी कागदावर सगळ्यात आधी काढलं होतं, हेल्मेटच्याही आधी.