पहिला थेंब, शेवटची कणी

सहावीच्या मुलांसाठी ‘रोजच्या वापरातले पदार्थ केव्हा वितळतात’ हा प्रयोग आखताना मी सर्वांत आधी महिना ठरवला. मागच्या खेपेस तो एप्रिलमध्ये घेतला होता आणि खोबरेल तेल वाटीत ओतले तेव्हाच ते पातळ होते. साधारण २४ अंश सेल्सिअसला वितळणारा पदार्थ साताऱ्याच्या उन्हाळ्यात थिजलेला कुठून मिळणार? म्हणून यंदा डिसेंबर, आणि तोही सकाळचा पहिला तास.

दुसरी चूक माझीच होती. वाट्या थेट स्पिरिटच्या दिव्यावर धरल्याने मेण कडेला धुरकटले, मधे घट्टच राहिले, आणि पाच गटांनी पाच निरनिराळे आकडे लिहिले. आता पातेल्यात पाणी, त्यात एकसारख्या स्टीलच्या वाट्या, प्रत्येकीत सपाट चमचाभर पदार्थ आणि मंद आच असेल. तापमापीचे टोक पाण्यात नव्हे, तर पदार्थात, वाटीच्या तळाला न टेकवता धरायचे. घरातला ताप पाहण्याचा थर्मामीटर येथे निरुपयोगी आहे, कारण तो जेमतेम ३५ ते ४२ अंशांपर्यंतच मोजतो.

घरी तूप असेच वितळवून पाहिले. रवाळ तुपाच्या गोळ्याभोवती आधी पिवळी, पारदर्शक कड उमटली, गोळा तिच्यात तरंगू लागला, आणि शेवटची पांढरी कणी दिसेनाशी होईपर्यंत तापमान बरेच अंश चढले होते. बर्फाचा चुरा ढवळत राहिलो, तर शेवटचा तुकडा असेतो तापमान शून्याजवळच थांबून राहिले. तूप म्हणजे निरनिराळ्या स्निग्ध पदार्थांचे मिश्रण, त्यामुळे त्याला एकच वितळणबिंदू नसतो. पाण्याला तो असतो. म्हणून मुलांच्या तक्त्यात एका आकड्याऐवजी दोन रकाने ठेवले आहेत: ‘पहिला थेंब’ आणि ‘शेवटची कणी’.

साखर या पाण्यात ठेवलेल्या वाटीत वितळणार नाही, मग ती ठेवायची कशाला, असे एका सहकाऱ्यांनी विचारले. साताऱ्याच्या उंचीवर पाणी १०० अंशांच्या थोडे आधीच उकळते आणि साखर वितळायला त्याहून कितीतरी जास्त उष्णता लागते, हे खरेच आहे. पण आपण चहातली साखर ‘विरघळली’ म्हणतो आणि सरबतातला बर्फही ‘विरघळला’ म्हणतो. गरम वाटीत कोरडीच राहिलेली साखर चमचाभर पाणी घालताच नाहीशी झाली, की वितळणे आणि विरघळणे या दोन शब्दांची गरज मुलांना स्वतःच भासेल, अशी माझी अटकळ आहे.

कापूर मात्र यादीतून काढला. तो वितळण्याआधीच हवेत उडू लागतो आणि चटकन पेटतो. मेणाच्या वाट्या पुसायला प्रत्येक गटाने जुने वर्तमानपत्र आणायचे आहे, कारण मेण मोरीत ओतले तर ते नळीत थिजून बसते.